नुसतें पाहिल्यानें काय होतें?

चुलीवर दूध ठेवून त्याच्याकडे टक लावून बसावें तर तें कांहीं केल्या वर येत नाहीं, आणि क्षणभर पाठ वळली कीं उतूं जातें, असा घरोघरचा अनुभव आहे. अनुभव खरा, पण त्यावरून काढलेलें अनुमान खरें नव्हे. आपल्याकडे कोणी पाहत आहे कीं नाहीं याची दुधाला गंधवार्ताहि नसते. वाट पाहणाऱ्याला घटका लांब वाटते, एवढेंच. परंतु सृष्टींत एक प्रांत असा आहे कीं तेथें पाहण्यानें होणारी गोष्ट खरोखरच थांबते. आणि पाहण्याची रीत जरा बदलली तर थांबण्याऐवजीं ती अधिक लवकर घडते. हा प्रांत अणूंचा आणि प्रकाशकणांचा होय. त्याच्या शास्त्राला क्वांटम यामिकी असें नांव आहे. त्या शास्त्रांतील ह्या एकाच गोष्टीचा परिचय वाचकांस करून द्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हेतूमागें एक कारणहि आहे. गेलीं कांहीं वर्षें व्याख्यानांतून, प्रवचनांतून आणि हल्लीं हातोहातीं फिरणाऱ्या संदेशांतून एक विधान वारंवार कानीं पडतें. तें असें कीं, पाहणाऱ्याच्या मनामुळें सृष्टि घडते हें आतां विज्ञानानेंच सिद्ध केलें असून आमच्या पूर्वजांना तें पूर्वींच ठाऊक होतें. ह्या विधानाच्या भांडवलावर कोणी 'क्वांटम उपचार' विकतो, तर कोणी उपनिषदांना प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र मिळवून देतो. माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपुढें गेलें नाहीं आणि हयात संस्कृत शिकविण्यांत गेली. तेव्हां विधानाच्या उत्तरार्धाविषयीं बोलण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे असें मी समजतों. पूर्वार्धाविषयीं मात्र प्रयोगांनीं जें दाखविलें तेंच सांगितलें पाहिजे. म्हणून आधीं प्रयोग आणि मग वाद, असा क्रम ठेवतों.

दक्षिण इटलींतील एलिया ह्या ग्रीक वसाहतींत इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत झीनो नांवाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानें एक कोडें घातलें होतें. सुटलेला बाण कोणत्याहि एका क्षणीं पाहिला तर तो त्या क्षणीं एका ठराविक जागींच असतो, म्हणजे स्थिर असतो. प्रत्येक क्षणीं जर तो स्थिर, तर तो हलतो केव्हां? बाण अर्थातच हलतो, आणि ज्याला लागतो त्याला झीनोचें समाधान पटत नाहीं. परंतु १९७७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांतून बैद्यनाथ मिश्रा आणि सुदर्शन ह्या दोन भारतीय शास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांत गणितानें असें दाखविलें कीं, अस्थिर अणूचें सतत निरीक्षण केलें तर तो कधींच ढळणार नाहीं. ह्या परिणामाला त्यांनीं झीनोचेंच नांव दिलें. ह्यांतील सुदर्शन हे केरळांतील कोट्टायम जिल्ह्यांत १९३१ सालीं जन्मले. अमेरिकेस जाण्यापूर्वीं, १९५२ पासून १९५५ पर्यंत, ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. २०१८ सालीं टेक्सासमध्येंच त्यांचें देहावसान झालें.

असें कां व्हावें, हें समजून घेण्यास उच्च गणित लागत नाहीं. वर्ग करतां आला म्हणजे पुरे. घड्याळाची एक तबकडी डोळ्यांसमोर आणा. कांटा खालीं सहावर असला तर अणु खालच्या स्थितींत आहे, आणि वर बारावर असला तर वरच्या स्थितींत आहे, असें समजूं. योग्य अशी रेडिओलहर सोडली कीं कांटा सहावरून बाराकडे सावकाश सरकूं लागतो. मधल्या काळांत अणु खालीं आहे म्हणतां येत नाहीं आणि वर आहे असेंहि म्हणतां येत नाहीं. दोन्ही स्थितींचें तें एक विलक्षण मिश्रण असतें. पण "तूं कोठें आहेस?" असें त्याला विचारलें, तर उत्तर दोनांपैकीं एकच मिळतें: खालीं किंवा वर. कांटा नवावर, म्हणजे अर्ध्या वाटेवर, असतांना विचारलें तर दोन्ही उत्तरांचा संभव सारखा. आणि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, उत्तर मिळतांच कांटा मधल्या जागीं राहत नाहीं. 'खालीं' असें उत्तर आलें तर तो नेमका सहावर येऊन बसतो आणि सारा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आतां वर्गाचा भाग येतो. कांटा सहापासून थोडासाच सरकला असतां 'वर' असें उत्तर मिळण्याचा संभव कोनाच्या प्रमाणांत नसून कोनाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. कोन निम्मा तर संभव चौथाई. कोन एक दशांश तर संभव एक शतांश. म्हणजे पहिल्या पावलांत अणु जवळजवळ हललेलाच नसतो. समजा, संपूर्ण प्रवासाचे चौसष्ट सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाच्या शेवटीं प्रश्न विचारला. प्रत्येक वेळीं कांटा पावणेतीन अंशांहून थोडासाच जास्त सरकलेला असेल, आणि 'वर' हें उत्तर येण्याचा संभव दहा हजारांत सुमारें सहा एवढाच. प्रश्न चौसष्ट झाले खरे, पण चौसष्ट वेळां सहा म्हणजे दहा हजारांत चारशेंहूनहि कमी. जो अणु निर्वेधपणें खात्रीनें वर पोहोंचला असता, तो वारंवार विचारल्यामुळें शंभरांत शहाण्णव वेळां जागच्या जागीं राहिला! प्रश्नांची संख्या जसजशी वाढवावी तसतसा तो अधिकच खिळून बसतो.

हें कागदावरचें झालें. १९९० सालीं अमेरिकेंतील बोल्डर येथील राष्ट्रीय मापन-संस्थेंत इटानो, हाइन्झेन, बोलिंजर आणि वाइनलँड ह्या चौघांनीं तें प्रत्यक्ष करून दाखविलें. बेरिलियम धातूचे सुमारें ५००० विद्युद्भारित अणु त्यांनीं विजेच्या व चुंबकाच्या पाशांत अधांतरीं धरून ठेवले. रेडिओलहरीनें कांटा खालून वर नेण्यास २५६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सुमारें चौथा भाग, लागे. त्या अवधींत नीलातीत प्रकाशाचे आंखूड झोत अणूंवर सोडण्यांत आले. अणु खालीं असला तर तो ह्या प्रकाशांत चमकतो. वर असला तर अंधारांत राहतो. हाच तो प्रश्न. एक झोत, दोन, चार, आठ, असे दुपटीनें वाढवीत ते चौसष्टांवर गेले. हिशोबाप्रमाणें वर पोहोंचणाऱ्या अणूंचें प्रमाण दोन झोतांना शेंकडा ५०, चारांना साडेसदतीस, आठांना सुमारें २३, सोळांना १३, बत्तिसांना ७ आणि चौसष्टांना ४ हून कमी असावयास हवें होतें. प्रयोगांतलें उत्तर ह्या हिशोबाशीं जुळलें.

ह्या प्रयोगांतील एक बारकावा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, आणि प्रवचनांत तो कोणी सांगत नाहीं. मधल्या झोतांचीं उत्तरें कोणीहि टिपून ठेवलीं नव्हतीं. शेवटीं किती अणु खालीं राहिले तेवढेंच मोजलें. मधल्या वेळीं कोणता अणु चमकला आणि कोणता नाहीं, हें कोणाच्याहि डोळ्यांनीं पाहिलें नाहीं कीं कोणाच्या मनानें जाणलें नाहीं. तरीहि अणु थांबले. ह्याच मुद्द्यावर पुढें विद्वानांत वाद झाला. कांहींचें म्हणणें असें कीं, येथें 'निरीक्षण' हा शब्दच अनावश्यक आहे. प्रकाशाचा अणूशीं संबंध आला आणि त्या संबंधाच्या नियमांनींच सगळें उलगडतें. हा आक्षेप म्हणून मांडला गेला, पण माझ्या अल्पमतीला तो उलट उपकारकच वाटतो. पाहणें म्हणजे काय, याचें तो उत्तर देतो. पाहणें म्हणजे वस्तूची कांहीं खूण तिच्यापासून सुटून बाहेर जाणें. ती खूण पुढें कोणी वाचली कीं नाहीं, हा निराळा प्रश्न.

शाळेंत तपासणीसाहेब येणार म्हटलें कीं वर्गाचें रूप पालटतें, हें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पुष्कळ लोक अणूच्या वागण्याला हाच दाखला देतात. तो फसवा आहे. मुलें बदलतात तीं साहेब आल्याचें त्यांना कळतें म्हणून. अणूला कांहींहि कळत नाहीं. त्याला प्रकाश लागतो आणि त्याची खूण प्रकाशाबरोबर निघून जाते. साहेबांची खुर्ची रिकामी असली तरी तेथें फरक पडत नाहीं.

अणु तरी एकटा कोठें असतो? पाठ्यपुस्तकांतला अणु बंद पेटींतला असतो. जगांतला अणु उघड्यावर असतो. त्याच्याभोंवतीं हवा आहे, उष्णता आहे, भिंतींतून निघणारें प्रारण आहे. अशा उघड्या प्रणालीचें वर्तन कोणत्या समीकरणानें मांडावें, हें १९७६ सालीं दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें ठरलें. एकीकडे स्वीडनचे लिंडब्लाड, आणि दुसरीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की व आपले सुदर्शन. म्हणजे सभोंवतालच्या सृष्टीचा अणूवरील परिणाम आणि निरीक्षणाचा अणूवरील परिणाम, ह्या दोन्ही विषयांवरचे मूलगामी निबंध एकाच गृहस्थाच्या हातून एका वर्षाच्या अंतरानें बाहेर पडले. मला हा योगायोग वाटत नाहीं, कारण आंतून पाहिलें तर ते दोन विषय नाहींतच. सभोंवतालची सृष्टि हीच एक अखंड पाहणारी आहे. हवेचा प्रत्येक कण आणि प्रकाशाचा प्रत्येक किरण वस्तूला आपटून तिच्या जागेची खूण घेऊन जातो. १९८५ सालीं योस आणि त्से ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं हिशोब करून दाखविलें कीं, धुळीचा एक कण निर्वात अवकाशांत ठेवला तरी केवळ विश्वांत भरून राहिलेल्या मंद प्रारणाच्या आघातानेंहि तो 'येथें आणि तेथें' अशा मिश्र स्थितींत राहूं शकत नाहीं. आपला पाट, आपला तांब्या एकाच जागीं निमूटपणें असतात तें याचमुळें. त्यांच्याकडे आपण पाहिलें नाहीं म्हणून काय झालें, सारें जग त्यांना पाहतच असतें.

हें नुसतें तर्कट नव्हे. पॅरिस येथें सर्ज आरोश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन आरसे समोरासमोर ठेवून त्यांमध्यें एकेक प्रकाशकण कोंडण्याची विद्या साधली. आरशांमधील अंतर पावणेतीन सेंटिमीटर, आरशांवर नायोबियम धातूचा मुलामा, आणि थंडी निरपेक्ष शून्याच्या वर एक अंशाहूनहि कमी. आरसे इतके निर्दोष कीं प्रकाशकण त्यांत सरासरीनें सेकंदाचा आठवा भाग टिकतो. एवढ्या वेळांत तो आरशांतल्या आरशांत ये-जा करीत सुमारें ४०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या एका प्रदक्षिणेइतका, प्रवास करतो! १९९६ सालीं त्यांनीं अशा प्रकारच्या पेटींत एकाच वेळीं दोन निराळ्या स्थितींत असलेलें प्रकाशक्षेत्र तयार केलें आणि तें मिश्रण मोडतांना पाहिलें. दोन स्थिति एकमेकींपासून जितक्या दूर, तितकें तें लवकर मोडे. २००७ सालीं त्याच मंडळींनीं रुबिडियमचे अणु एकामागून एक पेटींतून पाठवून, प्रकाशकण न गिळतां, तो आंत आहे कीं नाहीं हें विचारलें, आणि एकाच कणाचा जन्म व मृत्यु टिपला. २००८ चा प्रयोग तर आपल्या विषयाचा कळसच होय. थेंब थेंब पाणी घालून घागर भरावी तसें त्यांनीं पेटींत प्रकाशक्षेत्र थोडें थोडें घातलें. मध्यंतरीं कोणी विचारलें नाहीं तर पेटी भरत जाई. प्रत्येक भर घातल्यानंतर "आंत किती कण आहेत?" असें विचारीत गेलें तर ती जवळजवळ रिकामीच राही. आरोश आणि बोल्डरचे वाइनलँड ह्या दोघांना २०१२ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां प्रवचनांतील त्या विधानाकडे वळूं. सांख्यांचा पुरुष काय किंवा वेदान्त्यांचा साक्षी काय, हे पाहणारे आहेत खरे. पण त्या पाहणाऱ्याचें मुख्य लक्षणच असें कीं तो कांहीं करीत नाहीं. तो अकर्ता आहे, उदासीन आहे, असंग आहे. उलट प्रयोगशाळेंतलें पाहणें ही शंभर नंबरी क्रिया आहे. तींत प्रकाश आदळतो, खूण सुटते, कांटा जागीं येतो. साक्षी जाणतो पण करीत नाहीं. प्रकाशाचा झोत करतो पण जाणत नाहीं. ह्या दोहोंस एक म्हणणें म्हणजे दोघांनाहि न समजणें. कोणी जाणकार म्हणेल कीं, सांख्यांची प्रकृति पुरुषानें पाहिल्यावर नर्तकीप्रमाणें निवृत्त होतेच कीं नाहीं? होते, परंतु ती विवेकज्ञानानें होते, आणि बोल्डरच्या अणूंना थांबविण्यास कोणाचेंहि ज्ञान लागलें नाहीं. त्यांतल्या त्यांत जवळचा दाखला द्यावयाचा तर तो नैयायिकांचा आहे. संनिकर्षावांचून प्रत्यक्ष नाहीं, वस्तूला गांठल्यावांचून इंद्रिय तिला जाणत नाहीं, असा त्यांचा आग्रह. डोळ्यांतून तेज बाहेर जाऊन वस्तूला भिडतें ही त्यांची कल्पना चुकीची ठरली, कारण प्रकाश डोळ्यांतून निघत नाहीं, डोळ्यांत येतो. पण गांठभेट लागते ही त्यांची सूचना खरी निघाली. मात्र त्या गांठभेटीनें घटाचें कांहीं बिघडतें, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. तें नवें आहे, आणि तें आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हतें असें म्हटल्यानें पूर्वजांची थोरवी रतिभरहि उणी होत नाहीं.

पाहण्यानें गोष्ट नेहमीं थांबतेच, असाहि कोणी समज करून घेऊं नये. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें आहे; त्याच्यासमोर कोणतेंहि उपकरण ठेवलें तरी तें बदलत नाहीं. कारण वर सांगितलेला वर्गाचा नियम फक्त अगदीं आरंभींच्या निमिषापुरता असतो, आणि रेडियमच्या बाबतींत तें निमिष कोणत्याहि उपकरणाच्या आवांक्याबाहेर आंखूड आहे. तें सरल्यावर ढळण्याचा संभव वेळेच्या सरळ प्रमाणांत वाढतो, आणि मग कितीदां विचारलें याला महत्त्व उरत नाहीं. त्याहून चमत्कारिक म्हणजे, विचारण्याचा वेग मधलाच ठेवला तर ऱ्हास उलट वाढतो. दर प्रश्नाबरोबर अणूची ऊर्जा थोडी अनिश्चित होते, तिचा पट्टा रुंदावतो, आणि एरवीं ज्या वाटा त्याच्या पलीकडे होत्या त्या त्याला सांपडूं लागतात. इस्रायलमधील वाइझमन संस्थेंतील कॉफमन व कुरिझ्की यांनीं २००० सालीं असें प्रतिपादिलें कीं, ही घाईच थांबण्यापेक्षां अधिक ठिकाणीं आढळेल. दुसऱ्याच वर्षीं टेक्सासमध्यें मार्क रेझन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रकाशाच्या जाळ्यांतून निसटणाऱ्या सोडियमच्या थंड अणूंवर दोन्ही परिणाम दाखविले: फार जलद विचारलें तेव्हां निसटणें मंदावलें, आणि जरा अंतरानें विचारलें तेव्हां तें वाढलें. एकच अणु, एकच जाळें. फरक फक्त विचारण्याच्या लयीचा.

ह्या सर्व खटाटोपाला आज मोठें व्यावहारिक मोल आलें आहे तें क्वांटम संगणकामुळें. त्याचें सारें बळ मिश्र स्थितींत आहे, आणि सभोंवतालची सृष्टि तर ती स्थिति डोळा चुकवून टिकूं देत नाहीं. म्हणून अशा पुष्कळ संगणकांचे तुकडे निरपेक्ष शून्याच्या अगदीं लगत थंड करून, सर्व बाजूंनीं झांकून ठेवावे लागतात. तरीहि चूक शिरतेच. आतां चूक दुरुस्त करावयाची तर पाहिलें पाहिजे, आणि पाहिलें तर मिश्रण मोडतें, असा हा पेंच. त्यांतून काढलेली वाट मला फार आवडली. एकच मजकूर तीन घटकांवर सोंपवावयाचा. मग "तुमच्याजवळ काय आहे?" असें त्यांना कधींच विचारावयाचें नाहीं, "पहिल्या-दुसऱ्याचें जुळतें का? दुसऱ्या-तिसऱ्याचें जुळतें का?" एवढेंच विचारावयाचें. तिघांतील कोण बिघडला तें ह्या दोन उत्तरांवरून कळतें, पण मजकूर काय तें कळत नाहीं. आणि कळत नाहीं म्हणूनच तो मोडत नाहीं. घटक नुसता थोडासा कलला असेल तर बहुतेक वेळां "जुळतें" असेंच उत्तर येतें, आणि त्या उत्तरानेंच तो पुन्हा सरळ होतो. बेरिलियमच्या कांट्याचाच हा प्रकार. प्रत्यक्षांत केवळ तीन घटकांवर भागत नाहीं, कारण बिघाडाचे प्रकार एकाहून अधिक आहेत. १९९५ सालीं पीटर शोर यांनीं पहिली पुरी योजना मांडली तिच्यांत एका मजकुराला नऊ घटक लागत.

आपल्याकडेहि हें काम चालू आहे. कुलाब्याच्या टाटा संस्थेंत अतिसंवाहक विद्युन्मंडलांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आर. विजय यांनीं पूर्वीं कॅलिफोर्नियांत असतांना, मंद निरीक्षण अखंड चालू ठेवून व त्याच्या उत्तराबरहुकूम क्षणोक्षणीं सूक्ष्म दुरुस्ती करून, अशा कृत्रिम अणूचें आंदोलन न मोडतां टिकवून दाखविलें होतें. तो निबंध २०१२ सालचा. पुढें २०२४ च्या ऑगस्टमध्यें सहा घटकांच्या एका क्वांटम संगणकाची अथपासून इतिपर्यंत चांचणी पार पडल्याचें जाहीर झालें. त्यांतले घटक कुलाब्यास टाटा संस्थेंत रचले व घडविले गेले. आणि त्या घटकांना चालविणारीं व त्यांचीं मापें घेणारीं उपकरणें संरक्षण संशोधन खात्याच्या पुण्यांतील प्रयोगशाळेनें जुळवून दिलीं.